मनावरची धूळ

मी रोज थोडा वेळ ध्यानाला बसतो असं कळलं की लोक मला तीन प्रकारचे प्रश्न विचारतात.

हिंदू मित्र म्हणतात, "तुमच्यात पण ध्यान असतं का रे?" त्यात कुतूहल असतं, खोच नसते. नात्यातली वडीलधारी माणसं विचारतात, "पाच वक्ताची नमाज कमी पडली काय, म्हणून हे नवीन काढलंस?" आणि तिसरा प्रश्न माझ्या भाच्याचा. तो पुण्यात इंजिनीअरिंग शिकतो. मागच्या ईदला कोल्हारला आला होता. शिरखुर्मा पिता पिता म्हणाला, "मामू, तुमे इधर आँखां मूंदके बैठो, उधर अपने लोगां की दुकानां उठाके फेंक रहे."

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत. तिसऱ्याचं उत्तर त्या दिवशी नीट देता आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. बाहेर अन्याय चालू असताना माणसानं डोळे मिटून बसावं का? बसलाच तर ती साधना की पळवाट? गेले काही महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आज तो तुमच्यासमोर मांडतो.

आधी सोपे प्रश्न. आमच्यात ध्यान असतं का? असतं. सूफी परंपरेत त्याला मुराकबा म्हणतात. हा शब्द अरबीतल्या ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थ लक्ष ठेवणं, राखण करणं. त्याच धातूवरून 'रकीब' हा शब्द होतो आणि अर-रकीब हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक आहे. सगळ्यांवर नजर ठेवणारा, राखणदार. मुराकब्यात माणूस बसतो आणि दोन गोष्टींचं भान ठेवतो. एक, माझ्या मनात काय चाललंय ते मी पाहतोय. दुसरं, मला कुणीतरी पाहतंय. नक्शबंदी सिलसिल्यात 'होश दर दम' नावाचा नियम आहे. म्हणजे एकही श्वास बेसावधपणे जाऊ द्यायचा नाही. श्वासावर लक्ष ठेवण्याची ही पद्धत शेकडो वर्षं जुनी आहे. ती कुठल्याही मोबाईल ॲपमधून आलेली नाही.

राखण म्हटलं की मला जोंधळ्याच्या शेतातला माळा आठवतो. कणसं दुधात आली की पाखरांचे थवे उतरायचे. राखणदार माळ्यावर उभा राहून हाळी द्यायचा, गोफण फिरवायचा. पाखरं उडायची, पलीकडे जाऊन बसायची आणि थोड्या वेळानं परत यायची. राखणदार पाखरांवर चिडत नसे. पाखरं येणारच, हे त्याला ठाऊक असायचं. त्याचं काम एवढंच, की झोप लागू द्यायची नाही. माझं ध्यान याहून वेगळं नाही. फज्रची नमाज झाली की जानमाजवरच वीस मिनिटं बसतो. विचार येतात, जातात. कधी जिक्र चालू असतो, कधी नुसता श्वास. समाधी वगैरे मला कधी लागलेली नाही आणि दिव्य प्रकाशही दिसलेला नाही. कधी कधी महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न मात्र ऐकू येतो.

आता वडीलधाऱ्यांचा प्रश्न. नमाज कमी पडते का? मुळीच नाही. उलट नमाजच नीट पडावी म्हणून हे करतो. 'एहसान' म्हणजे काय, याचं स्पष्टीकरण एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. त्याचा आशय असा, की इबादत अशी करा जणू तुम्ही अल्लाहला पाहताय, आणि ते जमत नसेल तर तो तुम्हाला पाहतोय याचं भान ठेवा. आपण रुकू-सजदा करतो, ओठ हलतात आणि मन दुकानाच्या गल्ल्यावर असतं. हा अनुभव कुणाला नाही? इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेचं मोठं केंद्र आहे. तिथं दहा दिवसांच्या शिबिरासाठी अनेक मित्र जाऊन आले आणि मलाही आग्रह करत होते. तिथल्या नियमाप्रमाणे त्या दहा दिवसांत पूजा, जप, प्रार्थना सगळं बाजूला ठेवावं लागतं. नियम सर्वांना सारखा आहे, त्यात भेदभाव नाही. पण दहा दिवस नमाज सोडणं मला मान्य होण्यासारखं नव्हतं, म्हणून गेलो नाही. जाऊन आलेल्यांचं मात्र ऐकून घेतलं. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, हे ऐकल्यावर वाटलं, की आपल्या घरातली जुनी पेटी आपण उघडलीच नव्हती, शेजाऱ्यानं त्याची पेटी उघडून दाखवली तेव्हा आपली आठवली.

आपल्या जिल्ह्यात राहून तर ही पेटी विसरायलाच नको होती. जी प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणातून सुटून आमच्या कोल्हारच्या पुलाखालून जाते, तीच पुढे नेवाशाला पोचते. तिथं तिच्या काठावर ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये गीतेवरची टीका सांगितली आणि शेवटी सगळ्या जगासाठी मागणं मागितलं. दुष्ट नष्ट व्हावेत असं ते मागत नाहीत, दुष्टांचा दुष्टपणा जावा असं मागतात. कोल्हारहून दुसऱ्या दिशेला शिर्डी. तिथं एका पडक्या मशिदीत एक फकीर राहिला आणि १९१८ च्या दसऱ्याला तिथंच त्यानं देह ठेवला. तो हिंदू की मुसलमान, यावर लोक आजही वाद घालतात. त्याच्या धुनीला त्याचं काही नसावं.

आणि जिल्ह्याच्या दक्षिणेला श्रीगोंदा. तिथले शेख महंमद. सोळाव्या-सतराव्या शतकातला हा मुसलमान संत मराठीत लिहीत होता. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी परंपरेतले सूफी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, ते दौलताबादच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरीत होते, त्यांचेही गुरू हेच चांद बोधले असं परंपरा मानते. म्हणजे एका सूफीच्या घरातून एक वाट पैठणच्या नाथवाड्यात गेली आणि दुसरी श्रीगोंद्याला. शेख महंमदांचा मोठा ग्रंथ 'योगसंग्राम', १६४५ मध्ये पूर्ण झालेला. नावातच सगळं आहे. संग्राम आहे, पण तो साधकाचा स्वतःच्या विकारांशी आहे. ज्याला आम्ही नफ्स म्हणतो त्याच्याशी. ज्या शब्दाचं आज टीव्हीवाल्यांनी भूत केलंय, त्या जिहादचा हाच अर्थ सूफींनी सर्वांत थोर मानला. आणि तो शुद्ध मराठी ओवीत आमच्या जिल्ह्यात लिहिला गेला. आमच्या मदरशांत तो कधी शिकवल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि शाळेच्या पुस्तकात फार तर नावापुरता असेल. मराठी मुसलमान म्हणून मला याची खंत वाटते. ज्यांनी दोन्ही घरं जोडली, त्यांची ओळख दोन्ही घरांत पुसट झाली. आता तर त्यांच्या समाधिस्थानाला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून श्रीगोंद्यात वाद पेटलेला आहे. ग्रंथ कुणी वाचत नाही, जागेवर हक्क मात्र सगळ्यांना हवा.

इथं भाच्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो.

तो ज्या दुकानांबद्दल बोलत होता, ती मढीची. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची मोठी यात्रा भरते. भटक्या-विमुक्तांची पंढरी म्हणतात तिला. मुसलमानही तिथं पिढ्यान् पिढ्या जात आलेत, आणि त्यांच्यात त्याच स्थानाला शाह रमजान यांचं नाव आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेनं ठराव केला, की यात्रेत मुस्लिम विक्रेत्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत. प्रशासनानं तो ठराव मानला नाही. पण बातमी सगळीकडे गेलीच. रेवडी, बांगड्या, खेळणी विकून चार महिन्यांचं धान्य घरात भरणाऱ्या माणसाला 'तू इथला नाहीस' असं ऐकावं लागलं, ते काही प्रशासनाच्या कागदानं पुसलं जात नाही.

ती बातमी आली तेव्हा माझ्या आत काय झालं ते सांगतो, कारण ध्यानाचा उपयोग असेल तर तो अशाच वेळी कळतो. आमचा दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप गट आहे. वाढदिवस, पावसाचे अंदाज, ऊस आणि डाळिंबाचे भाव, कुणाच्या वडिलांचा दहावा, असं सगळं त्यावर चालतं. त्या आठवड्यात एका वर्गमित्रानं एक लांबलचक मेसेज पुढं ढकलला. 'त्यांच्याकडून' काहीच विकत घेऊ नका, फळंसुद्धा नाही, अशा मजकुराचा. खाली दोघांचे अंगठे. गटात मी आहे, हे तिघांनाही माहीत.

छातीत जाळ झाला. कान गरम झाले. मी उत्तर टाइप करायला घेतलं. इतिहास, संविधान, आमच्या वडिलांनी त्याच्या वडिलांना कधी काय मदत केली, सगळं त्यात आलं. आणि मग अंगठा थांबला. का थांबला? फार मोठं कारण नाही. रोज वीस मिनिटं पाखरं पाहायची सवय असल्यामुळे हा थवा उतरताना दिसला, एवढंच. राग आहे, तो माझा आहे, तो खरा आहे, पण तो आत्ता लगाम हातात घेतोय, हे लक्षात आलं. फोन पालथा ठेवला. अस्रची नमाज पढलो. थोडा बसलो. मग मेसेजला उत्तर न देता त्या मित्राला सरळ फोन लावला.

म्हटलं, "अरे, तुझी डाळिंबं यंदा कुणी नेली?"

तो म्हणाला, "नेहमीचाच की. आपला बागवान. का रे?"

म्हटलं, "त्याला आता देऊ नकोस. तूच गटावर टाकलंयस."

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी पूर्ण वाचलंच नव्हतं रे. आला, ढकलला पुढं. तू मनावर घेऊ नको."

मी म्हटलं, "मनावर घेतलंय, म्हणून तर फोन केला."

तेवढ्यावर फोन संपला. इथं मी गोष्ट गोड करून सांगणार नाही. त्यानं मेसेज काढून टाकला, पण गटावर एक शब्द लिहिला नाही. अंगठे देणारे दोघं आजही त्याबद्दल गप्प आहेत. पंधरा दिवसांनी मित्राच्या बागेत त्याच बागवानाची गाडी भरली गेली, हेही खरं. पण गाडी भरली जाणं म्हणजे मन साफ होणं नव्हे. व्यवहार चालू राहतो आणि आत धूळ साचत राहते. त्याच्याही, माझ्याही.

धुळीवरून एक पुस्तक आठवतं आणि ते आपल्याच जिल्ह्यात लिहिलं गेलं. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं आणि नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली आणि त्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी इथंच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मौलानांनी इथंच 'गुबार-ए-खातिर' लिहिलं, हे मात्र आमच्यातल्या शिकलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. त्या नावाचा अर्थच मनावरची धूळ, मनात साचलेलं मळभ. ही पत्रं आहेत, एका स्नेह्याला लिहिलेली, पण तुरुंगातून न पाठवता आलेली. १९४६ मध्ये ती पुस्तक म्हणून आली.

मौलाना पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतःच्या हातानं चिनी चहा करत आणि लिहायला बसत. त्या पत्रांत काय आहे? चहा आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत, संगीत आहे, ईश्वराच्या अस्तित्वाचा विचार आहे. देश पेटलेला, हजारो माणसं तुरुंगात, आणि काँग्रेसचा अध्यक्ष चिमण्यांशी मैत्री कशी जमवली ते सविस्तर लिहितोय. माझा भाचा तिथं असता तर म्हणाला असता, मौलाना, ये क्या वक्त है चिडियां देखने का?

पण त्याच किल्ल्यात पुढं काय झालं ते पाहा. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला आजारी होत्या. आजार वाढल्याच्या तारा येत होत्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं सुचवलं, की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर करा, मी लगेच पोचवतो. मौलानांनी विनंती केली नाही. ज्या सरकारशी लढा चालू आहे, त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागायची नाही. एप्रिल १९४३ मध्ये जुलेखा बेगम गेल्या. शेवटची भेटही झाली नाही. मौलाना पत्रात लिहितात, की वरून रोजचा क्रम तसाच चालू ठेवला, पण त्या शांतपणाची आत किती किंमत मोजावी लागत होती ते त्यांनाच माहीत. हा माणूस दगड नव्हता. पहाटेच्या त्या तासांनी त्यांना लढ्यापासून दूर नेलं नाही. मला तर वाटतं, त्या तासांमुळेच ते लढ्यात शेवटपर्यंत टिकले आणि टिकूनही कडवट झाले नाहीत.

त्या पत्रांवर ठिकाण लिहिलेलं आहे, किला-ए-अहमदनगर. १४९० मध्ये अहमद निजामशहानं वसवलेल्या शहराचं नाव आता सरकारी कागदावर अहिल्यानगर झालंय. २०२३ मध्ये चौंडीला घोषणा झाली, पुढच्या वर्षी केंद्राची मंजुरी आली. अहिल्याबाई याच जिल्ह्याच्या लेक. त्यांच्याबद्दल आदर नाही असा माणूस मला या भागात भेटलेला नाही. मला टोचलं ते नव्या नावानं नाही, काही जणांनी जुनं नाव पुसताना जो आवाज काढला त्यानं. पण तेही मी पहाटे समोर ठेवून पाहिलं. शहराचं नाव हे माझं नाव आहे का? अहमद निजामशहाचा बाप पाथरीकडच्या ब्राह्मणाच्या घरात जन्मला होता. मग त्या नावाचा वारस कोण आणि परका कोण? असं पाहत गेलं की दुखणं नाहीसं होत नाही, पण त्याचा आकार कळतो. आणि आकार कळलेलं दुखणं माणूस उचलून चालू शकतो.

दुसऱ्याच्या अंगणातली धूळ दाखवताना आपलंही अंगण झाडलं पाहिजे. २०२२ मध्ये मशिदींवरच्या भोंग्यांवरून महाराष्ट्रात किती गदारोळ झाला ते आठवा. त्यामागचं राजकारण काय होतं ते न कळण्याइतके आपण भोळे नाही. पण राजकारण बाजूला ठेवून विचारू या. हजरत बिलाल (रजि.) यांनी अजान दिली ती गळ्यानं. भोंगा विसाव्या शतकातला. तो दीनचा भाग कधी झाला? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा लावता येत नाही. हा नियम मशिदीला आहे, मंदिराला आहे, उरुसाच्या कव्वालीला आहे आणि मिरवणुकीतल्या डीजेलाही आहे. तो एकाच दारावर जाऊन दाखवला जातो तेव्हा तो नियम राहत नाही, हे आपण ठणकावून सांगायलाच हवं. पण सांगताना आपला भोंगा नियमात असला पाहिजे. शेजारी आजारी म्हातारी आहे, पलीकडे दहावीचं पोर आहे. त्यांची शांतता ही माझीही अमानत आहे. ज्या धर्मात सर्वांत खोल इबादत मनातल्या मनात होते, त्याच्या माणसांना हे सांगावं लागू नये.

आता जगभर ध्यानाचं पीक आलंय. २१ जूनला योग दिन असतोच, संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिनही ठरवला. कंपन्या नोकरांना ध्यान शिकवतात. कशासाठी? बहुतेक ठिकाणी ताण कमी होऊन जास्त काम व्हावं म्हणून. फोनमुळे उडालेली झोप परत आणायला फोनमध्येच ॲप घ्यायचं, वरून वर्गणी भरायची. हे पाहिलं की भाच्याचा संशय मला पटतो. आमच्या बाजूला कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोड कामगार येतात. पहाटेच्या थंडीत पोर पाचटावर निजवून बाई मोळ्या बांधत असते. तिला जाऊन कुणी म्हणावं, बाई, श्वासाकडे लक्ष द्या, मन शांत ठेवा? तिला मजुरीचा हिशेब हवा, पोराला शाळा हवी, उपचार हवेत. अन्याय सोसणाऱ्याला गप्प करण्यासाठी शिकवलेलं ध्यान हे अफूच आहे, मग त्याला नाव कुठल्याही धर्माचं द्या.

आपल्याकडे हेच 'सब्र' या शब्दाचं झालंय. सब्र करो, म्हणजे गप बसा, असा अर्थ आपण करून ठेवला. सुनेनं सब्र करायचा, गरिबानं सब्र करायचा. कुरआनमधली सूरह अल-अस्र अवघ्या तीन आयतींची आहे. नमाजमध्ये आपण ती भरभर म्हणून टाकतो, कारण लहान आहे. काळाची शपथ घेऊन ती सांगते, की माणूस तोट्यात आहे, मात्र काही जण त्यातून वाचतात. त्यांच्या गुणांमध्ये शेवटचे दोन एकत्र येतात. ते एकमेकांना हकची आठवण देतात आणि एकमेकांना सब्रची आठवण देतात. हक म्हणजे सत्य, न्याय्य ते. दोन्ही जोडीनं, आणि दोन्ही 'एकमेकांना'. हक सोडून नुसता सब्र म्हणजे लाचारी. सब्र सोडून नुसता हक म्हणजे रात्रंदिवस धगधगणारा राग, जो आधी आपल्यालाच खातो आणि मग समोरच्यासारखंच करून टाकतो.

पैगंबर मुहम्मद (स.) यांचं आयुष्यही हेच सांगतं. ते हिराच्या गुहेत एकांतात बसत. तिथंच पहिला संदेश आला. ते तिथून खाली उतरले, ते थेट मक्केच्या व्यापाऱ्यांच्या, गुलामांच्या, अनाथांच्या, पुरलेल्या मुलींच्या जगात. पुढं तेवीस वर्षं ते माणसांतच राहिले. अब्दुल कुद्दूस गंगोही नावाचे एक थोर सूफी होऊन गेले. त्यांच्या नावानं एक उद्गार सांगतात. त्याचा आशय असा, की पैगंबर सातव्या आसमानापर्यंत जाऊन परत आले, मी तिथं पोचलो असतो तर कधीच परतलो नसतो. अल्लामा इक्बाल यांनी याच उद्गारावरून संत आणि प्रेषित यांच्यातला फरक सांगितला. संताला तिथलं सुख पुरतं, प्रेषित जग बदलायला परत येतो. मला वाटतं, हा फरक आपल्यासारख्या सामान्य माणसालाही लागू आहे. जानमाजवर किती वेळ बसलात याला फारसं महत्त्व नाही. उठल्यावर कुठं जाता, ते पाहायचं.

मी कुठं जातो? फार लांब नाही. मतदार यादीत आपल्या गल्लीतल्या माणसांची नावं आहेत का ते तपासायला जातो. म्हातारीच्या निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसीलला जातो. भगवतीमातेच्या नवरात्रात गर्दीची व्यवस्था असते तिथं चार मुसलमान पोरं उभी राहतील असं बघतो. मेसेजला मेसेज न देता फोन करतो, जमलं तर घरी जातो. यानं देश बदलणार नाही, हे मला माहीत आहे. पण मढीचा ठराव काही दिल्लीत झाला नव्हता. तो एका ग्रामसभेत झाला, हात वर करणाऱ्या माणसांनी केला. मग जे बिघडतं ते ग्रामसभेत बिघडत असेल, तर जे सावरायचं तेही तिथंच सावरावं लागेल. आणि आपली माणसं ग्रामसभेला जातच नाहीत. अपमान होईल या भीतीनं नाही, तर आपलं काय काम तिथं, या सवयीनं.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामू, बात सही है, पर गुस्सा तो आता ना." मी म्हटलं, "यायलाच पाहिजे बेटा. राग न येणारा माणूस एकतर वली असतो नाहीतर मेलेला. फक्त त्याला गाडी चालवू देऊ नको. मागच्या सीटवर बसव, बोलू दे, स्टिअरिंग आपल्या हातात ठेव." तो हसला. पटलं की नाही, माहीत नाही. त्याचं वय वीस आहे, आणि त्यानं या देशात जे पाहिलंय ते माझ्या विसाव्या वर्षी मी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या रागाला मी नावं ठेवत नाही.

येत्या ग्रामसभेला मी जाणार आहे. विषयपत्रिकेवर रस्ता आहे, पाणी आहे, गटारी आहेत. यातला एकही विषय हिंदू नाही की मुसलमान नाही. बोलायची वेळ आली तर बोलेन, आवाज चढणार नाही याची काळजी घेईन. निघण्याआधी नेहमीसारखा थोडा वेळ बसेन. धूळ रोज बसते, झाडणंही रोजचंच. गल्लीतल्या आणखी दोघा-तिघांना सोबत यायला सांगितलंय. तुमच्या गावात ग्रामसभा कधी आहे, तेवढं बघून ठेवा.